भाकरीवर कॅमेरा

मांजरसुंब्याच्या फाट्यावर मी नेहमी जेवतो, त्या ढाब्यात मावशी भाकऱ्या थापतात. त्यांचं नाव मला आजवर ठाऊक नाही. पण त्यांची भाकरी इतकी फुगते, की ट्रकवाले तिच्यावर दगड ठेवून जेवतात. नाहीतर ती उडत पार पाटोद्याला जाईल. थापताना मावशी भाकरीशीच बोलतात, "फिर गं बाई, लाजू नको."

यंदा मालकानं चुलीच्या वर कॅमेरा बसवला. कामाला लई वेग येईल म्हणे! झालं उलटंच. मावशींचं बोलणं बंद पडलं आणि भाकऱ्या उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या तडकायला लागल्या. मालक गल्ल्यावरून ओरडला, "मावशी, आठ दिवसांत हात सुधारा, न्हाईतर मी दुसरी बाई आणतो."

मावशी उठल्या आणि त्यांनी पिठाचा ओला गोळा थेट कॅमेऱ्यावर थापला. मालक पळतच आत आला. "ह्ये कावून केलं?"

"लक्षच ठेवायचं ना, मालक? मग हितं बसा माज्याजवळ. धूर दोघं मिळून खाऊ."

मालक हट्टानं बसला. दोन भाकऱ्या होईस्तोवर त्याच्या डोळ्यांतून इतकं पाणी वाहिलं, की चूल विझते की काय अशी मला भीती वाटली.

दुसऱ्याच दिवशी त्यानं कॅमेरा उतरवला आणि गवंड्याकडून धूर जायला चुलीमागच्या भिंतीत खिडकी पाडून घेतली. आता गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगतो, "खिडकीची कल्पना आपलीच हाय." मावशी ते ऐकतात, पदराआड हसतात आणि त्याच्या ताटात सगळ्यात चांगली भाकरी वाढतात.