सुमनकाकूंचा ओव्हन

सुमनकाकू ‘बिघडलं’ हा शब्द चालवून घेत नसत. अंबरनाथ पूर्वेला आमच्या इमारतीत त्या तळमजल्यावर राहायच्या, मी पहिल्या. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात माझा मिक्सर बंद पडला. जिन्यात भेटल्यावर मी सहज म्हटलं, “काकू, मिक्सर बिघडला.” त्या थांबल्या. “बिघडला म्हणजे? नेमकं काय होत नाहीये? आवाज येतो का? वास आला का?” “बघितलंच नाही,” मी म्हटलं. मग त्या स्वतःच वर आल्या.

एका कारखान्याच्या तपासणी विभागात त्यांची नोकरी झाली होती. निवृत्तीनंतर त्यांनी घरी पाव करायला घेतले. दुबईहून परतलेल्या उल्हासनगरच्या एका सिंधी कुटुंबाने काढून टाकलेली रेंज त्यांनी घेतली होती. वर चार शेगड्या, खाली मोठा ओव्हन. ओट्याशेजारी ती मावावी म्हणून त्यांनी भांड्यांची मांडणी हलवली, पण रेंज हलू दिली नाही.

त्यांचा मुलगा निखिल पुण्यात. आईने आता हे सगळं बंद करून आपल्याकडे राहायला यावं, असा त्याचा आग्रह होता. मुलगा प्रेमळ, पण घाईचा. एके दिवशी तो आला तो हाच विषय संपवायला. आणि नेमका त्याच दिवशी ओव्हन अडून बसला.

दुसऱ्या दिवशी बदलापूरच्या एका नव्या हॉटेलला पहिल्यांदाच पाव द्यायचे होते. पसंत पडले तर रोजचं गिऱ्हाईक मिळणार होतं. म्हणून काकूंनी सकाळी ओव्हन साफ करायला लावला. त्यात स्वतःच साफ होण्याची सोय होती. आत भयंकर उष्णता होऊन चिकटलेलं सगळं जळून जायचं, आणि तेवढा वेळ कुणी दार उघडू नये म्हणून आपोआप कुलूप लागायचं. ओव्हन थंड झाला की ते सुटायचं. त्या दिवशी सुटलं नाही, ओव्हनच्या छोट्या पडद्यावर नुसता एरर दिसत होता.

निखिल म्हणाला, “आई, ओव्हनलाही कळलंय. आता पुरे.”

“त्याला काय कळलंय तेच बघायचंय,” काकू म्हणाल्या. त्यांनी घराचा मेन स्विच बंद केला, निखिलला रेंज पुढे ओढायला लावली आणि मागचा पत्रा उघडला. कुलपाची दांडी जळक्या चिकटीने धरली असेल, असा त्यांचा अंदाज. दांडी हाताने फिरवली, दार उघडलं. आवाज ऐकून मी खाली आले होते, मी टाळ्याच वाजवल्या. पण वीज सुरू केली तरी ओव्हन तापेना, पडद्यावर तोच एरर दिसत राहिला.

काकू खाली बसल्या. दमलेल्या दिसत होत्या. निखिलने पाणी दिलं आणि हळूच म्हणाला, “मी हॉटेलवाल्यांना फोन करू का? सांगतो त्यांना.”

“डॉक्टरसुद्धा नाडी बघितल्याशिवाय पेशंट गेला म्हणत नाही. थांब जरा.”

मेन पुन्हा बंद करून त्या टॉर्च घेऊन आत वाकल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “सापडलं. दार उघडंय, पण ओव्हन समजतोय कुलूप लागलेलंच आहे. हे बटण बघ. दांडी सरकली तरी दबलेलंच राहतंय. त्याला खरं सांगणारंच कुणी नाही.”

पेरूच्या बीएवढं ते बटण, आणि त्याचा बोटाच्या पेराएवढा स्विच. तो सोडवून त्या माझ्या स्कूटरवर मागे बसल्या आणि आम्ही उल्हासनगरच्या बाजारात गेलो. दुकानदाराने स्विच उलटसुलट करून पाहिला. “माई, ये बाहर का माल है. पूरा लॉक मंगाना पडेगा. महिना तो लगेगा.”

“लॉक अच्छा है, भाऊ. सिर्फ ये दबके बैठ गया है. ऐसाच दूसरा दो. और गरमी सहेगा ना? नुसता दिसायला सारखा नको.”

दुकानदार हसला आणि मागच्या खोलीत गेला. दोन स्विच काकूंनी नाकारले. तिसरा मीटर लावून, दाबून, सोडून पाहिला आणि रुमालात बांधून घेतला.

संध्याकाळी ओव्हन तापला. सकाळी निखिलनेच गाडीतून पाव बदलापूरला पोचवले. परत आल्यावर आईला म्हणाला, “रोज द्या म्हणाले.” पुण्याचा विषय त्याने त्यानंतर काढला नाही. उलट दर महिन्याला येऊन तो पीठ मळायला बसायचा.

पुढे पाच-सहा वर्षं त्या पाव करत राहिल्या. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांच्या छातीत दुखू लागलं. रुग्णवाहिकेत चढवत असताना त्यांनी माझा हात धरला. “पीठ फुगलंय. वाया घालवू नकोस.” माझ्या सासूबाई त्यांच्याबरोबर गेल्या आणि मी काकूंच्या स्वयंपाकघरात, घाबरत, पहिल्यांदाच एकटीने पाव भाजले.

दुपारी मी दवाखान्यात गेले. निखिल उशाशी बसला होता. काकूंनी डोळे उघडले.

“रंग कसा आला?”

“वरून छान. तळ जरा करपला.”

“ताट एक खण वर ठेवायचं. उद्या तसं करून बघ.”

त्या रात्री काकू गेल्या.