हिरवा झेंडा धरणारा हात

आमच्या मसोलीच्या घरात वर्तमानपत्राचं एक पिवळं कात्रण फ्रेम करून लावलेलं आहे. देशाचे एक मोठे नेते डहाणू रोड स्टेशनात गाडीच्या दारात उभे राहून लोकांना हात करताहेत. मागे हिरवा झेंडा धरलेला रेल्वेचा माणूस, अर्धा चेहरा झाकलेला. ते आमचे बाबा, असं आई सांगायची. आम्ही भावंडं शाळेतही तेच सांगायचो.

गेल्या हिवाळ्यात एका संग्रहालयाने राष्ट्रीय नेत्यांच्या वर्तमानपत्रांतल्या फोटोंचं फिरतं प्रदर्शन डहाणूत आणलं. तो फोटो त्यात आहे असं कळलं, तशी मी बँकेतून अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि बाबांना रिक्षाने घेऊन गेले. वय ऐंशीच्या पुढे. सारखं नको नको म्हणत होते. मला वाटलं, गुडघ्यांमुळे.

फोटो भिंतभर मोठा केला होता. तिथल्या मुलीला मी अभिमानाने म्हटलं, "हे माझे वडील." तिने धावत जाऊन खुर्ची आणली. बाबा बसले नाहीत. फोटोजवळ जाऊन बराच वेळ पाहत राहिले.

"हा मी नाही."

"बाबा, असं काय करता?"

"मनगटावरचं गोंदण बघ."

खरंच, झेंडा धरलेल्या हाताच्या मनगटावर गोंदलेले ठिपके होते. कात्रणात तिथे नुसती शाई पसरलेली. बाबांच्या मनगटावर काहीच नाही.

फोटोतला माणूस जवळच्या गंजाड गावचा, रेल्वेत त्यांच्या बरोबरीचा कामगार. त्या दिवशी बाबा फलाटाच्या दुसऱ्या टोकाला होते. "तुझी आई कात्रण घेऊन आली ती इतकी खूश, की माझ्या तोंडून शब्द फुटेना. मग तुम्ही शाळेत सांगायला लागलात. पुढे तो गेला आणि राहूनच गेलं."

मला राग आला, पण क्षणभरच. परक्या लोकांसमोर त्यांनी हे सगळं कबूल केलं होतं. मी त्यांचा हात धरला. त्या मुलीने फोटोखाली लावायला त्या माणसाचं नाव लिहून घेतलं आणि दोन दिवसांनी एक प्रतही काढून दिली.

रविवारी आम्ही गंजाडला गेलो. त्याची मुलगी माझ्याच वयाची, अंगणात वालाच्या शेंगा सोलत होती. बाबांनी सगळं सांगितलं, काही न लपवता. तिने पदराला हात पुसून फोटो घेतला.

"आमच्याकडं बाचा एकपण फोटो नाय," ती म्हणाली. "मी लहान होते तवाच गेला."

"अर्धाच चेहरा आलाय गं," बाबा अपराध्यासारखे म्हणाले. "आणि मी फार उशीर केला."

"आलात ना, काका. कसा होता तो, सांगा."

बाबा चटईवर टेकले. ड्युटी संपल्यावर दोघं खाडीवर खेकडे धरायला जायचे, इथून त्यांनी सुरुवात केली. ती ऐकत होती, मध्येच हसत होती. दुपार झाली तरी बाबा थांबेनात, तेव्हा तिने उठून आमच्याही भाकऱ्या थापल्या.