लॉरीचा खांदा

माझा नवरा लॉरी चालवायचा. लॉरी आदिलाबादच्या एका जिनिंगवाल्या शेठची होती. पुढे दोघांपुरती जागा, मागे फळ्या ठोकलेला उघडा डबा, आणि सुरू करायला लोखंडी हँडल. हँडल फिरवताना अंगठा चुकीच्या बाजूला राहिला तर ते उलट फिरून मनगट मोडायचं. असं मनगट मोडलेला एक ड्रायव्हर गावात होता. तो डाव्या हातानं जेवायचा आणि लोक त्यावरूनही त्याला बोलायचे.

राज्य निजामाचं होतं. सडका मुरमाच्या होत्या आणि पावसाळ्यात जिनिंग बंद असायचं. त्या दिवसांत शेठ लॉरी दुरुस्तीसाठी आमच्या गावी, मावल्याला, घरी पाठवायचा. ती गोठ्याशेजारच्या छपराखाली उभी राहायची. बैलांनी तिला पहिल्या वर्षी खूप शिंगं उगारली, मग सोडून दिलं.

मी चौथीपर्यंत शिकले. लॉरीतलं मात्र मला बरंच कळायचं, कारण माझ्या नवऱ्याला दुसरं काही बोलताच येत नव्हतं. जेवताना तो पाण्याबद्दल बोलायचा, म्हणजे इंजिनच्या पाण्याबद्दल. इंजिन तापलेलं असताना झाकण उघडायचं नाही. निघायच्या आधी चाकाच्या बोल्टांवर हातोडी मारायची; घट्ट बोल्ट खणकन वाजतो, सैल बोल्ट भद्द वाजतो. कापूस फळीच्या वर रचायचा नाही, शेठ कितीही ओरडला तरी. गाडी दारातून निघाली की लगेच सपाटीवर एकदा ब्रेक दाबून पाहायचा, मगच पुढे जायचं. उतारावर थांबलं तर चाकाखाली ठोकळा सारायचा. मी सोबत असले की ठोकळा माझ्या मांडीवर असायचा. बाभळीचा होता, जड.

मला लॉरी आवडायची. समोरच्या जागेवर बसलं की अख्खं रान आपल्या अंगावर धावून येतं आणि बाजूनं निघून जातं. शिवाय लॉरी शेण टाकत नाही. हे मी सासऱ्यांना, म्हणजे मामंजींना, तोंडावर सांगितलं होतं.

मामंजी जन्मभर बैलांत राहिलेले. लॉरीत ते कधी बसले नव्हते. त्यांचं म्हणणं, एकुलता एक मुलगा, त्यानं नांगर धरावा. त्या वर्षी शेठनं नवऱ्याला बारमाही कामावर ठेवतो म्हणून सांगितलं, तेव्हा घरात आठ-दहा दिवस भांडी आपटली. शेवटी मामंजींनीच तोड काढली. पाऊस संपला की शेठ लॉरीची एक रिकामी फेरी करून बघायला सांगायचा. ती फेरी नवरात्रात बासरला न्यायची, घरच्यांना आणि शेजारणींना देवीचं दर्शन घडवायचं.

"बैल न लावता गाडी गेली अन् आली, तं चालव तू लॉरी," मामंजी म्हणाले. "वाटेत एका जाग्यावर जरी बैल जुंपून ओढा लागली, तं ते हँडल शेठच्या हातात देजो अन् नांगर धरजो. कबूल?"

"कबूल," नवरा म्हणाला. मला कोणी विचारलं नाही, पण मीही मनात कबूल म्हटलं.

नवऱ्यानं मग लॉरीचा एक एक भाग उघडला. पोळ्याच्या आदल्या दिवशी चारही चाकं काढलेली होती. ब्रेकच्या पट्ट्या त्यानं विटेच्या तुकड्यानं घासून गोणपाटावर ओळीनं मांडल्या आणि तो लोहाराकडे बोल्ट आणायला गेला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांदमळण असते. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा सुजतो, त्याला हळद-तूप चोळायचं, पळसाच्या पानानं शेकायचं, आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं निमंत्रण द्यायचं. मामंजींनी दोन्ही बैलांचं सगळं केलं. वाटीत थोडं तूप उरलं होतं. ते वाटी घेऊन लॉरीकडे गेले.

"हिचा खांदा कुठं असते वं?" त्यांनी सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, विचारलं.

"वझं जिथं पडते तिथं असंन," आत्याबाई चुलीपासूनच म्हणाल्या. "मी काय तिच्या बाळंतपणाले होती?"

मामंजी बराच वेळ तिकडे होते. मी पुरण वाटत होते. शेवटी त्यांचा आवाज ऐकू आला, लॉरीशी बोलत होते, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." आम्ही दोघी हसलो. जाऊ दे म्हटलं, म्हातारा लॉरीशी बोलला तरी.

दुसऱ्या दिवशी पोळ्याच्या गडबडीत नवऱ्यानं पट्ट्या बसवल्या, चाकं चढवली. लॉरी छपराखाली तशीच उभी राहिली ती थेट नवरात्रापर्यंत.

निघायच्या दिवशी अर्धं गाव दारात होतं. झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं, डफडं. मागच्या डब्यात शेजारणी गाठोडी घेऊन दाटीनं बसल्या. आत्याबाई मध्ये. मामंजी सगळ्यांत शेवटी, गावाकडे तोंड करून, म्हणजे वाटेत काय येतंय ते त्यांना बघावं लागू नये. मी पुढे, मांडीवर ठोकळा. नारळ फुटला, लॉरी हलली.

नवऱ्यानं नेहमीसारखा ब्रेकवर पाय नेला. मागून मामंजींचा आवाज आला, "थांबू नको! नारळ फोडून निघाल्यावर थांबत असते काय? अपशकून होते!"

"बा, ब्रेक पाहू दे एकडाव."

"पुढं पाह्य. पुढं लई सडक पडली हाय."

बायाही ओरडल्या, चल चल. नवऱ्यानं पाय काढला. सडक सपाट आणि मोकळी होती, ब्रेकची गरज पडली नाही. मागे बायांनी देवीची गाणी धरली. खड्डा आला की गाण्यातला शब्द तुटायचा आणि सगळ्या हसायच्या.

पुढे नाल्याचा उतार लागला. लांबच लांब उतार, तळाला नाला ओलांडायची दगडी फरशी आणि फरशीवर पाण्यात निवांत बसलेल्या म्हशी. नवऱ्यानं ब्रेक दाबला. लॉरीला काहीच वाटलं नाही. त्यानं पुन्हा दाबला, पार उभा राहून दाबला. उलट लॉरी अजूनच वेग घेऊ लागली.

"काय झालं?" मी विचारलं.

"घट्ट धरून बस," तो म्हणाला. घाबरला की त्याचा आवाज लहान व्हायचा, तसा झाला होता.

त्यानं गिअर खाली ओढला. इंजिन असं किंचाळलं की म्हशींनी माना वळवल्या, पण उठल्या नाहीत. मागे बायांना वाटलं, वेगानं चालवून मजा करतोय. एक म्हणाली, "अजून पळव रे बाप्पा!" नवऱ्यानं फरशीच्या अलीकडे लॉरी डावीकडे घातली. तिथं कोणाचं तरी पडीक रान नाल्याच्या काठानं वर चढत होतं. चाकं काळ्या मातीत शिरली, लॉरी चढाला लागली, हळू झाली, थांबली, आणि मागे सरकायला लागली. मी उडी मारून मागच्या चाकाखाली ठोकळा सारला. लॉरी त्यावर टेकली आणि गप्प राहिली.

कोणाला खरचटलंसुद्धा नाही. एकीची पुऱ्यांची पिशवी सांडली, तेवढंच. म्हशी रवंथ करत होत्या.

सगळ्या खाली उतरल्या. आणि तेवढ्यात वास आला. कढलेल्या तुपाचा, खमंग.

"कोणी पुरनपोळी सोडली वं?" आत्याबाईंनी विचारलं.

सगळ्यांनी आपापली गाठोडी हुंगली. नवरा चाकाशी वाकला. वास चाकातून येत होता. चाक तापलं होतं आणि आत तूप कढत होतं. मामंजी हळूहळू पुढे आले, नाक वर केलं, आणि घरच्या ज्या म्हशीचं दूध रोज प्यायचे तिला ओळखलं.

"हे तं आपल्या भुरीचं तूप हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. खांदमळणीच्या दिवशी त्यांना गोणपाटावर त्या वाकड्या पट्ट्या दिसल्या. जुवासारख्या वाकड्या, घासून घासून खरबरीत झालेल्या. त्यांना वाटलं, हाच खांदा, आणि पार सोलून निघालाय बिचारा. हळद बैलांना संपली होती. त्यांनी नुसतं तूप जिरेपर्यंत चोळलं आणि धोतराच्या सोग्यानं पुसून ठेवलं.

"मी म्हनलं इतक्या गुळगुळीत कशा झाल्या," नवरा म्हणाला. "मले वाटलं, माह्याच हाताचं काम चांगलं झालं." आणि तो मातीत बसून हसायला लागला. मग सगळेच. आत्याबाईंना तर पाणी पाजावं लागलं. मामंजी मात्र हसले नाहीत.

कारण लॉरी चिखलात रुतली होती. इंजिन सुरू करून पाहिलं, चाकं जागेवरच फिरली. आणि वरच्या बांधावरून त्या रानाचा मालक आपली बैलजोडी घेऊनच खाली येत होता.

"जोडू काय बैल?" त्यानं लांबूनच विचारलं. "एका हिसड्यात काढतो. माहे बैल लई खंबीर हायेत."

मी मामंजींकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं, कारण ती अट अख्ख्या मावल्याला माहीत होती. मी मनात म्हटलं, गेली लॉरी, आता जन्मभर शेणाच्या पाट्या.

मामंजी बैलांजवळ गेले. एकाच्या गळ्याखाली हात फिरवला, खांदा चाचपला. "चांगली जोडी हाय," ते म्हणाले. "पन राहू दे. आज त्याइले सुट्टी."

"काऊन?" मालक म्हणाला.

"तूप म्या लावलं. निस्तरीन बी मीच."

त्यांनी सदरा काढून आत्याबाईंच्या हातात दिला, लॉरीच्या मागे गेले आणि फळीला खांदा लावला. एकटा म्हातारा. बाया दोन क्षण बघत राहिल्या. मग आत्याबाईंनी सदरा खांद्यावर टाकून पदर खोचला. "उभ्या काय राह्यल्या वं? देवी काय इथं येनार हाय?"

आम्ही सगळ्या लागलो. चाकांखाली पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या, काड्या घातल्या. रानाचा मालकही बैल सोडून आला, त्याला राहवलं नाही. मामंजींनी बैलांना देतात तशी हाळी दिली आणि लॉरी चिखलातून सुटून पुढच्या कडक मुरमावर जाऊन उभी राहिली. आम्ही अर्ध्या चिखलात तोंडावर पडलो. इतकं मी माझ्या लग्नातही हसले नव्हते.

लॉरी मुरमावर ठोकळा लावून उभी करून नवऱ्यानं चाकं काढली. तुपाची भांडी घासायला बायकांना शिकवावं लागत नाही. नाल्याकाठी तीन दगडांची चूल करून चहा झाला, तिच्याच राखेनं चाकाच्या आतली लोखंडं घासली. पट्ट्यांना पाणी लावू दिलं नाही नवऱ्यानं. त्या त्यानं पेट्रोलच्या फडक्यानं पुन्हा पुन्हा पुसल्या, उन्हात वाळवल्या आणि नाल्यातल्या खरबरीत दगडानं घासल्या. चूल पार विझवल्याशिवाय पेट्रोलचा डबा उघडला नाही. मामंजी शेजारी उकिडवे बसून बघत होते.

"म्हंजे हिले खरबरीतच लागते?"

"हाव, बा. गुळगुळीत झाली की ती धरत नाई."

"उफराटं जनावर हाय," मामंजी म्हणाले.

चाकं चढली, बोल्ट वाजवून पाहिले. मग मामंजी स्वतः पुढच्या जागेवर येऊन बसले. मला उतरावं लागलं. "आता ब्रेक दाबून दाखव," म्हणाले. नवऱ्यानं थोडी चालवून दाबला. लॉरी जागच्या जागी थांबली आणि मामंजींचं पागोटं समोरच्या काचेवर जाऊन पडलं. "अजून एकडाव," ते म्हणाले. म्हशी उठून जाईपर्यंत त्यांनी तेच चालवलं होतं.

बासरपर्यंत ते पुढेच बसले. प्रत्येक उताराच्या आधी त्यांचा आवाज मागे ऐकू यायचा, "हळू, पोरा. दाबून पाह्य." मी मागे बायांत, गाठोड्यांवर, मांडीवर ठोकळा घेऊन.

गोदावरीच्या काठावर बसलो तेव्हा मामंजींना उजवा हात वर करता येईना. खांदा सुजून निळा झाला होता. आत्याबाईंनी देवीच्या दिव्यासाठी आणलेल्या तुपातलं थोडं काढलं, कुणाकडून तरी चिमूटभर हळद घेतली आणि सगळ्यांसमोर चोळायला बसल्या.

"आज आवतण घ्या," त्या म्हणाल्या, "उद्या जेवाले या."

मामंजी लाजले. मी त्यांना लाजताना तेवढं एकदाच बघितलं. मग ते नवऱ्याला म्हणाले, "शेठले सांग, बारमाही येतो म्हनून. नांगराले मी हाय अजून."

पुढच्या पोळ्याला नवऱ्यानं ब्रेकच्या पट्ट्या घरात नेऊन ज्वारीच्या कणगीत लपवल्या. संध्याकाळी मामंजी वाटी घेऊन लॉरीकडे आले. नवऱ्यानं पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या फुगवट्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बा, खांदा इथं हाय."

"ठाऊक हाय मले," मामंजी म्हणाले. "तू तुहे बोल्ट पाह्य."