भांड्यांमधली फुली

कृष्णातनं एकतीस वर्षं लाकूड कापलं, पण त्याच्या हातची एकही वस्तू कुणाच्या घरात गेली नव्हती. तो उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत नमुने करायचा. पंपाचं झाकण असो की यंत्राचं चाक, जे लोखंडात ओतायचं ते आधी त्यानं लाकडात घडवायचं. त्या नमुन्याभोवती वाळू ठोकायची, नमुना अलगद काढून घ्यायचा आणि राहिलेल्या पोकळीत लोखंडाचा रस सोडायचा. लोखंड गार होताना आटतं, म्हणून नमुना किंचित मोठा ठेवावा लागतो. ते 'किंचित' कृष्णातच्या बोटांत होतं. बाकीचे मोजपट्टी शोधेपर्यंत तो नख फिरवून सांगायचा, "इथं जरा जास्त हाय, काढ."

सत्तावन्नाव्या वर्षी, कामावरच चहा पिताना, त्याच्या हातातला कप सुटला. पाठोपाठ तोही खाली बसला; अर्धांगाचा झटका होता. वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून वाचा परत आली, पायही आला. काठी टेकत तो चालू लागला. उजवा हात मात्र भिजल्या पोत्यासारखा लोंबत राहिला. काम सुटलं. कळंब्याच्या घरी पुढच्या सोप्यात बसून रबरी चेंडू दाबायचा, एवढाच उद्योग उरला. भेटायला येणारे कौतुक करायचे. त्यानं डाव्या हातानं पेला उचलला तरी "वा, छान!" म्हणायचे. त्या 'छान'चा त्याला वीट आला होता.

त्याच्या समोरच्या भिंतीला भांड्यांची उतरंड होती. ती त्याची बायको मीनाबाई हिच्या बचतगटाची. गल्लीतल्या बायकांनी मिळून घेतलेली पितळी पातेली, मोठ्यात मधलं, मधल्यात लहान अशी रचलेली. गल्लीत कार्य निघालं की ती जायची आणि घासून परत यायची. सांभाळायला मीनाबाई.

त्या वर्षी गटातल्या शालूबाईच्या नातवाचं बारसं निघालं. पांढरा रस्सा करून ठेवला आणि वाढायच्या वेळी झाकण काढलं, तर कडेनं हिरवट झाक. चव घेणाऱ्यानं तोंड वाकडं केलं. रस्सा कळकला होता. आतली कल्हई गेली की पितळ दह्यात, नारळाच्या दुधात उतरतं, आणि मग ते अन्न खाण्यासारखं राहत नाही. सगळा रस्सा ओतून द्यावा लागला. पाहुणे तांबड्या रश्श्यावर जेवले.

शालूबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "मीना, भांडी तुझ्या ताब्यात हाईत की! बघाय नको?"

मीनाबाईनं भांडी गोळा केली. घरी येऊन तिनं एकेक पातेलं उजेडात तिरकं धरलं. कल्हई करून चार महिनेही झाले नव्हते, तरी सगळ्यात लहान सोडून प्रत्येकाच्या आत एक करडं कडं उठलं होतं. नेमकं तिथंच, जिथं आतल्या पातेल्याचं बूड घासत होतं. तिनं पोती घालून बघितली. पोत्यांना ओल धरली, वास सुटला, झुरळं झाली. मग ती नवऱ्यापुढं येऊन उभी राहिली.

"अवो, दोन भांड्यांच्या मधी घालाय लाकडाचं कायतरी करून द्या."

"कसलं?"

"साधं. फुलीसारखं. दोन पट्ट्या आडव्या-उभ्या."

कृष्णातला ते लागलं. "फळीवर फळी मारायला मी कशाला पायजे? कुणीबी करंल ते."

"मग करा की," मीनाबाई म्हणाली. "कुणीबी म्हंजी तुमीबी."

आणि ती भाजी निवडायला आत गेली.

दोन दिवस त्यानं त्या भिंतीकडं बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी, ती बाहेर गेलेली बघून, त्यानं पलंगाखालची हत्यारांची पेटी पायानं ओढून काढली. पत्र्याच्या शेडला टेकून ठेवलेल्या जुन्या खोक्याची एक फळी घेतली. ती उंबऱ्यावर ठेवून तिच्यावर उजवा हात टाकला. पकड नव्हती, पण हाताला वजन होतं आणि फळी हलत नव्हती. डाव्या हातानं करवत धरली. पहिल्याच ओढीला ती रेघ सोडून पळाली. दोन पट्ट्या कापायला अख्खी दुपार गेली. मग दोन्हींच्या मधोमध अर्धी अर्धी खाच पाडून त्या एकमेकींत बसवल्या. बसल्या कसल्या, सांध्यात पोस्टकार्ड जाईल एवढी फट राहिली. आयुष्यात एवढा ढिला सांधा त्यानं केला नव्हता. तो घामाघूम झाला होता, डोळ्यांत पाणी होतं. त्यानं ती फुली पलंगाखाली ढकलली.

संध्याकाळी केर काढताना ती मीनाबाईच्या केरसुणीला लागली. तिनं ती उचलली, झटकली, सरळ मोठ्या पातेल्यात ठेवली आणि वर दुसरं पातेलं सोडलं. हातानं दाबून बघितलं.

"हालतंय," ती म्हणाली.

 ती "छान" म्हणेल म्हणून कृष्णातनं मन घट्ट करून ठेवलं होतं.

"कुठल्या बाजूला?" त्यानं विचारलं.

"दाराच्या बाजूला. आणि बूड टेकत न्हाय, पर कडंला अजून घासतंय. चारी टोकांना उभ्या खुंट्या मारा. आतलं भांडं त्या खुंट्यांतच बसंल."

त्याला हे सुचलं नव्हतं. तो भांडी कधी घासत नव्हता, उचलत नव्हता, तर कुठं काय घासतं हे त्याला कुठून कळणार? दुसऱ्या दिवशी त्यानं प्रत्येक पातेल्याचं माप सुतळीनं घेतलं. आतून मीनाबाई सांगायची, सोप्यातून तो वाद घालायचा. सहा दिवसांत चार फुल्या झाल्या. रंग नाही, पॉलिश नाही, नुसतं शेंगतेल चोळलेलं, कारण भांड्यात अन्न शिजणार होतं. सगळ्या पातेल्यांना पुन्हा कल्हई करून घेतली आणि मीनाबाईनं उतरंड फुल्या घालून नव्यानं रचली.

वैशाख पौर्णिमेला विहारात खिरीचा बेत होता. भांडी टेम्पोतून गेली. रस्ता असा, की माणूसही आत आपटावा. दुसऱ्या दिवशी परत आल्यावर शालूबाई स्वतःच घरी आली. तिनं सगळी पातेली उजेडात धरली, आतून बोट फिरवलं, बोट बघितलं.

"कल्हई हाय तशी हाय," ती म्हणाली. मग पातेलं खाली ठेवत, "त्या दिशी मी जरा जादाच बोललो, मीना."

"बोललीस खरी," मीनाबाई म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

जाताना शालूबाईनं सुनेसाठी लहान फुल्या सांगितल्या. तिची सून संयोगिता हिच्या कपाटात न चिकटणारे तवे एकावर एक असत आणि त्यांचा काळा थर खरवडून निघत होता. तिचं बघून आणखी कुणी कुणी सांगू लागलं. फौंड्रीतला जुना सोबती विजयसिंह भेटायला आला, तो यंत्रांच्या खोक्यांच्या देवदारी फळ्या रिक्षात घालूनच. त्यानं एक तयार फुली उचलली. सवयीनं सांध्यावर नख फिरवलं. त्याच्या कपाळावर आठी पडली.

"कृष्णा, ढिली हाय की रं."

"हाय," कृष्णात म्हणाला. "बायका भांडं पुसतात, पर थोडी ओल ऱ्हातीच. लाकूड फुगतं. सांधा टाईट केला तर पट्टी उकलंल. पैली चुकून ढिली झालती. आता मुद्दाम ठेवतो."

विजयसिंह हसला. 'छान' काही म्हणाला नाही. त्यानं दुसरी फुली उचलली, मग तिसरी, आणि तिन्ही सांध्यांतली फट नखानं चाचपली. ती सारखी होती.

उजवा हात काही परत आला नाही. आता यायचा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. कृष्णातनं ते ऐकून घेतलं आणि फळी दाबायला त्या हाताला वाळूची थैली बांधायची युक्ती काढली. दिवसाला एक फुली होते, कधी दोन. जमली नाही तर ती चुलीत जाते.

परवा गडहिंग्लजहून बायडाबाई म्हणून एक म्हातारी एसटीनं आली. फडक्यात बांधून तिनं चक्क पातेलंच आणलं होतं. सुतळीच्या मापावर तिचा विश्वास नव्हता. पातेल्याचं बूड एका बाजूनं पोचा पडून आत गेलं होतं, त्यामुळं ते सपाट जागेवर डुगडुगत होतं.

"ह्येच्या बुडाखाली बसंल का फुली?" तिनं विचारलं.

"बसा की आजी, चा घ्या आदी," कृष्णात म्हणाला. त्यानं पातेलं मांडीवर पालथं घेतलं, डावा अंगठा पोच्यावरून सावकाश फिरवला आणि आत हाक मारली, "मीना, पेन्सिल दे गं. फुलीचं एक टोक अर्धा सूत उंच ठेवाय लागणार."