रुजू झालो त्या दिवशीचं व्हिजिटर रजिस्टर

माझ्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच आमच्या घरातून गंडेदोरे, अंगात येणं, भूतबाधा... सगळं बाहेर गेलं. मी स्वतः बी.एस्सी. झालेला माणूस. कोणी असे किस्से सांगायला लागलं की मी सरळ उठून जायचो. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाजच वाटते आहे.

आम्ही नागपूरचे, इंदोरा वस्तीत राहतो. बाबा सदर भागातल्या एका सरकारी ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर क्लार्क होते. नोकरीत असतानाच त्यांच्या किडन्या गेल्या. दीड वर्ष डायलिसिसला त्यांना संगीताताईच न्यायची — नवऱ्याला सोडून ती माहेरी परत आली होती. मी पुण्यात कामाला होतो.

शेवटी शेवटी बाबा तिला म्हणायचे, "माह्या जागेवर तू लाग वं बाई. कोणाच्या तोंडाकडे पाहाचं काम नाही मंग." हे मी फोनवर स्वतः ऐकलं आहे.

पण बाबा गेल्यावर बैठक बसली. अनुकंपाची नोकरी घरातल्या एकालाच मिळते, बाकीच्यांनी 'आमची हरकत नाही' असं प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं. काका म्हणाले, "पोरगी उद्या पुन्हा दुसऱ्या घरी गेली तं नोकरी बी गेली. राहुलचं नाव टाका." आई काही बोलली नाही. मीही नाही. ताईनं सही केली आणि मला एवढंच म्हणाली, "आईले पाहाजो."

मग प्रतीक्षा यादी. जवळपास पाच वर्षं. ताई धरमपेठेत एका साडीच्या दुकानात लागली, अजून तिथंच आहे.

ऑर्डर आली ती फेब्रुवारीत. सोमवारी सकाळी दहालाच मी बाबांच्याच ऑफिसात वर जाऊन रुजू अहवाल दिला. साडेबाराला झेरॉक्ससाठी खाली आलो, तर गेटवरच्या गार्डबाईंनी हाक मारली. त्या कंत्राटी, इथं लागून तीनच महिने झालेले. बाबांना त्यांनी कधी पाहिलेलं नाही.

"तुमीच का भाऊ, आज जॉईन झाले ते?"

"हो. काहून?"

"एक बाबाजी येऊन गेले. विचारत होते, पोरगी आली का जॉईन व्हाले? मी म्हटलं, पोरगी नाही, पोरगा आला आहे. त्याहीनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. मंग त्या बाकावर बसून राहिले पंधराक मिनिटं. पाणी दिलं तं दोनच घोट घेतले. डॉक्टरनं मोजून प्याले सांगितलं म्हणे."

डायलिसिसवर असताना बाबांना पाणी मोजूनच मिळायचं.

मी मोबाईलमधला बाबांचा फोटो दाखवला. बाईंनी नीट पाहिला. "असेच... पण हे तब्येतीनं चांगले दिसून राहिले. त्याहीचं तोंड सुजलं होतं."

फोटो आजाराच्या आधीचा होता.

त्यांनी रजिस्टर पुढं केलं. नावाचा रकाना कोरा. 'कोणास भेटायचे' — संगीता. 'काम' — रुजू होणे. अक्षरांवर रेघ नव्हती. जावक रजिस्टरं भरून भरून बाबांचा हात तसाच वळला होता, घाईत शिरोरेषा द्यायचेच नाहीत.

मी वर जाऊन विचारलं. त्या दिवशी रुजू होणारा मी एकटाच. तिन्ही मजल्यांवर संगीता नावाचं कोणी नाही. कॅमेरा पार्किंगकडे तोंड करून आहे, बाक त्यात येत नाही. बाईंना माझ्या ताईचं नाव कोण सांगणार? आणि कशाला? ऑफिसातल्या कोणी मस्करी केली म्हणावं, तर बाबांचे बरोबरीचे सगळे केव्हाच रिटायर झालेले.

दोन आठवडे मी घरी बोललो नाही. मग एका रविवारी ताई मेथी निवडत बसली होती, तिच्यापुढं रजिस्टरच्या पानाचा फोटो धरला आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, रडेल. नाहीतर मला बोलेल. बोलायलाच पाहिजे होतं तिनं.

तिनं बोटांनी फोटो मोठा केला. एकेक रकाना वाचला.

"रागात होते का?"

"नाही म्हणे. चूपचाप होते."

"पंधरा मिनिटं बसले?"

"हो."

तिनं मोबाईल माझ्या हातात दिला आणि पुन्हा मेथी हातात घेतली.

"धरमपेठ काय लय दूर आहे का गा, राहुल?" ती म्हणाली. "कोणी फोन केला असता तं मी आली असती."