आबेनीला मोजून वाढा

आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, फ्रीटाउनच्या सरकारी आवाराच्या फाटकावर मी बावीस वर्षं पहारा केला. गुलामांचं चोरटं जहाज इंग्रजांच्या आरमाराने पकडलं की त्यातली माणसं इथे उतरवायची, वहीत नाव घालायचं, आणि मग कुणाला शेतीला, कुणाला पलटणीत, कुणाला परक्याच्या घरी कामाला धाडायचं. सुटका म्हणतात ती ही. मलाही पोरसवदा असताना असंच उतरवलं होतं. कारकुनाला माझं नाव उच्चारता येईना, म्हणून त्याने जोसाया लिहिलं. उंची चार फूट अकरा इंच. पुढे मी चांगला वीतभर वाढलो, पण वहीत अजून तेवढाच आहे.

डोर्कस टकर माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली. बाजारात चवळीचे वडे तळायची. वडे बरे असत, जीभ वड्यांहून तिखट. माझं-तिचं गाव एका दिवसाच्या चालीवर, म्हणून तिने मला भाऊ ठरवून टाकलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं.

नवं जहाज लागलं की टोपली घेऊन बाई फाटकावर हजर. आम्हा योरुबा लोकांत प्रत्येक घराची आपली स्तुती असते. पहिली ओळ थोरल्याने म्हणायची, पुढची धाकट्याने. डोर्कस गजांना तोंड लावून ओरडायची, "हत्तीच्या वाटेवर घर आमचं, हत्तीच वळसा घालून जातो!" आणि कान देऊन उभी राहायची.

तिला धाकटी बहीण सापडायला हवी होती. आवेरो. गावावर धाड पडली तेव्हा दोघींचे हात सुटले. आवेरो आठ वर्षांची होती. धरलेली पोरं कधी वर्षानुवर्षं आतल्या मुलखात राबून मग जहाजावर चढत. स्तुतीचं उत्तर होतं, "पाहुणा आला, कंद उकडा." पण त्याला आवेरोने स्वतःचं शेपूट जोडलं होतं: "आबेनीला मोजून वाढा, ती माझाही खाते!" आबेनी म्हणजे डोर्कसच, डोर्कस हे कारकुनाचं काम. हे शेपूट जगात एकाच तोंडात होतं. ते ऐकू आलं की बहीण सापडली.

तेरा वर्षं ती ओरडली. आतून कधी रडणं आलं, कधी खोकला.

"बये," मी म्हणायचो, "जहाजं थकतील, तुझा घसा थकायचा नाही."

"तू गज सांभाळ," ती म्हणायची. "ते पळून जाऊ नयेत म्हणूनच तुला ठेवलाय ना?"

त्या वर्षी एप्रिलात जहाज लागलं तेव्हा डोर्कस तापाने पडली होती. मी बायकांच्या छपरीत पेज वाढत होतो. फाटक शांत वाटलं, म्हणून चेष्टेने तिचाच आवाज काढून म्हटलं, "हत्तीच्या वाटेवर घर आमचं..."

कोपऱ्यातून उत्तर आलं. शेपटासकट.

हातातली पळी टाकून मी डोर्कसकडे पळालो. एरवी नवं माणूस दिसलं की आम्ही आधी गालावरच्या चिरा बघतो. माणूस कुठलं, कुणाचं, ते तिथे कोरलेलं असतं. त्या दिवशी मी बघितल्या नाहीत. तेवढीच चूक, पण ती मला अजून खाते.

डोर्कस फणफणत उठली, तरी रविवारची टोपी घालायला विसरली नाही. वाटभर माझा हात धरून म्हणत होती, "मोठी झाली असेल रे. एकवीस. ओळखेल ना मला?"

मुलगी जेमतेम पंधराची होती. आमच्या गालांवर तीन आडव्या चिरा. तिच्या गालावर नाकापासून उतरलेली एकच तिरपी. आमच्या शेजारच्या टापा लोकांची. आमच्या भाषेचा तिला गंध नव्हता. डोर्कसने पहिली ओळ म्हटली, अगदी हळू. मुलीने समोर बघत बाकीची म्हटली.

टापा बोलणाऱ्या आचाऱ्याला बोलावलं. त्याच्या तोंडून मुलगी सांगत गेली.

"जहाजात माझ्या शेजारी एक ताई होती. रोज हे म्हणायची आणि शेवटी हसायची. मला ताप आला तेव्हा तिच्या वाट्याचं पाणी मला पाजलं. मग एक दिवस ती बोलेनाशी झाली. तिला समुद्रात टाकलं, आणि चौथ्या दिवशी आरमाराचं जहाज आलं. तिचं म्हणणारं कुणी उरलं नाही, म्हणून मी म्हणते. त्याचा अर्थ काय?"

डोर्कस खाली बसली. ती रडली नाही. मी रडलो, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

"चुकलो गं आबेनी," मी म्हटलं.

तेवढ्यात कारकून यादी घेऊन आला. गुरुवारी जमैकाचं जहाज सुटणार होतं आणि मागे कुणी नसलेल्या मुली उसाच्या मळ्यांवर जाणार होत्या. यादीत ही होतीच.

डोर्कस उठली. टोपी सरळ केली. "ही जाणार नाही. माझी बहीण आहे."

"कशावरून?"

"म्हण गं," डोर्कसने खूण केली. दोघींनी म्हणून दाखवलं.

"बरं. नाव?"

"तिचं तिलाच विचारा. नीट लिहिता येईपर्यंत मी थांबते."

तीनदा खोडून त्याने ते लिहिलं. मग म्हणाला, "साक्षीदार?"

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. गालावरची चीर खोटं बोलत नाही, हे त्या कारकुनाला मीच शिकवलं होतं. वहीत माझं एकही खोटं नव्हतं. नाव आणि उंची सोडून, आणि तीही मी सांगितलेली नव्हती.

"सख्खी बहीण," मी म्हटलं, आणि सहीच्या जागी फुली काढली.

संध्याकाळी डोर्कसने कंद उकडला. परसात खड्डा केला, मेलेल्या माणसाचा घास त्यात ठेवला, वर पाणी ओतलं. मग दोन ताटं वाढली. मुलीने आपलं भराभर संपवलं. डोर्कसने स्वतःच्या ताटाला हात लावला नव्हता. तिने तेही तिच्यापुढे सरकवलं.

"हेही खा," ती म्हणाली. "खरंच खायचे मी तिचा."

मुलीला शब्द कळले नाहीत. तिने ताट जवळ ओढलं आणि खायला लागली.