झाडांना सावध करणाऱ्या टोकेकरबाई

डॉ. कुमुद टोकेकर यांची आणि माझी पहिली भेट झाली ती एका टेबलाच्या दोन बाजूंना. पलीकडे पीएच.डी.च्या प्रवेशासाठी मुलाखत घेणारे चार प्राध्यापक, अलीकडे आदल्या दिवशीच भंडारा जिल्ह्यातून पुण्यात उतरलेली मी. पहिल्या तिघांनी पुस्तकातले प्रश्न विचारले आणि मी पाठ केलेली उत्तरे दिली. चौथ्या प्राध्यापिका म्हणजे टोकेकरबाई. सगळ्यांचे विचारून झाल्यावर त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्राची एक पुडी काढली आणि माझ्यासमोर उलगडली. आत घेवड्याच्या सात-आठ शेंगा होत्या. प्रत्येकीवर काळपट, खोलगट डाग.

"सकाळी मंडईतून आणल्यात. काय झालंय यांना?"

रोगाचे नाव मला येत होते. करपा, म्हणजे बुरशीने होणारा रोग. पण घाबरल्यामुळे तोंडून निघाले ते आईचे बोलणे. "आमच्याकडे आई म्हणते, शेंगायले देवी निंगाल्या."

तिघे प्राध्यापक मोठ्याने हसले. माझे कान तापले. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी समोरच्या कागदावर माझे वाक्य जसेच्या तसे लिहून घेतले आणि विचारले, "देवीच्या रोगावर लस निघाली. झाडाच्या देवीवर निघेल का?"

"झाडाला कुठं असते नं लस!"

"तेच शोधायचंय. सोमवारी या."

त्या गोष्टीला आता वीसहून अधिक वर्षे झाली. बाई यंदा पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या गौरवग्रंथासाठी लिहायला बसताना मला जाणवते की मी आज जे काही शिकवते, त्यातले बरेचसे त्या एका प्रश्नातून निघालेले आहे.

बाईंचे काम थोडक्यात सांगणे अवघड नाही, कारण त्या स्वतः ते फार सोपे करून सांगतात. घेवड्याच्या झाडात रोगाशी लढण्याची ताकद मुळातच असते. बुरशी आत शिरली की पेशींच्या भिंती जाड होतात, पानात बुरशीला न मानवणारी द्रव्ये तयार होतात. अडचण एवढीच की झाडाला पत्ता लागेपर्यंत उशीर झालेला असतो. बुरशीच्या अंगावर जे कवच असते, त्याचे बारीक कण आधीच पानावर फवारले तर झाडाला वाटते, बुरशी आली. ते कामाला लागते. "रंगीत तालीम," बाई वर्गात म्हणायच्या. "खरा प्रयोग लागेल तेव्हा झाडाची वाक्यं पाठ हवीत."

हे कवच ज्या पदार्थाचे असते, तोच पदार्थ कोळंबीच्या टरफलातही असतो. सुरुवातीला आम्ही तिथूनच तो काढत असू. बाई कसबा पेठेतल्या, घरात अंडेसुद्धा न येणाऱ्या कुटुंबातल्या. तरी दर शनिवारी झाकणाचा डबा घेऊन त्या स्वतः मासळीबाजारात जात. एकदा मी सोबत होते. मासे विकणाऱ्या मावशींनी न राहवून विचारले, "बाई, दर वेळी टरफलंच का नेता? कोळंबी घ्या की ताजी."

"मी खात नाही हो."

"मग टरफलं खाता?"

"नाही, घेवड्याला खाऊ घालते," बाई शांतपणे म्हणाल्या. पुढे कितीतरी दिवस त्या मावशी आमच्याकडे काळजीने पाहत असत.

विभागाच्या मागच्या व्हरांड्यात टरफले शिजू लागली की अख्खी इमारत नाकाला रुमाल लावी. शेजारच्या विभागाने लेखी तक्रार केली. बाईंनी त्याच कागदाच्या तळाशी उत्तर लिहून परत पाठवले: "वास प्रयोगाचा आहे, स्वयंपाकाचा नाही. जेवणाच्या वेळी कोणी आशेने येऊ नये." तक्रार थांबली. वास थांबायला मात्र आणखी एक घटना घडावी लागली. बाईंची खरी ओळख मला तेव्हा पटली, म्हणून ती सविस्तर सांगते.

प्रयोगशाळेतल्या कुंड्यांमध्ये आमचा अर्क चांगला लागू पडत होता. आता तो खऱ्या शेतावर तपासायचा होता. पुरंदरच्या पायथ्याशी शिवरामनाना नावाचे एक शेतकरी होते. पिढ्यान्‌पिढ्या घेवडा करणारे, जाणते, मोजके बोलणारे. त्यांनी एक वावर आम्हाला द्यायचे कबूल केले. पेरणी झाली, दोन पाने फुटली, आणि पहिल्या फवारणीच्या दिवशी आम्ही दोघी बाटल्या घेऊन बांधावर पोहोचलो. माझ्या प्रबंधाचे सारे वजन त्या एका हंगामावर होते.

नानांनी काहीच विचारले नाही. त्यांचा बाईंवर विश्वास होता. मी पंपात पाणी भरत असताना बाईंचे लक्ष नानांच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे गेले. त्या थांबल्या.

मला त्यांचा विचार लगेच कळला. मी हळूच म्हणाले, "बाई, नुसती पांढरी पूड तर आहे. सांगायची काय गरज?"

बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिले. मग त्या नानांकडे वळल्या. "नाना, हे औषध कोळंबीच्या टरफलांपासून केलंय. तुम्ही माळकरी. तुमच्या रानात चालेल का?"

नाना पिकाकडे बघत म्हणाले, "बाई, औषध चांगलंच आसंल. तुमच्यावर आपला राग न्हाई. पर ह्या रानातल्या शेंगा आमच्या घरात निवदाला जात्यात. हितं त्ये नको."

"बरं झालं बोललात," बाई म्हणाल्या, आणि मला पंप रिकामा करायला सांगितले.

परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. कात्रज आल्यावर बाई म्हणाल्या, "तुझं वर्ष गेलं, हे मला दिसतंय. त्याचं वाईटही वाटतंय. पण त्यांच्या रानात त्यांना न सांगता काही घातलं असतं, तर पुढे आपण सांगितलेलं त्यांनी का ऐकावं?"

मला ते पटले नव्हते. त्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत पडत राहिला आणि नानांच्या घेवड्यावर करपा पडला. त्यांनी मार्केट यार्डात आणलेल्या शेंगा कोणी घेईना, सगळ्या तशाच परत न्याव्या लागल्या. हे ऐकून माझ्या मनात पहिल्यांदा जे आले, ते इथे लिहिताना लाज वाटते. पण बाईंच्या ग्रंथात खोटे कशाला लिहू? मला वाटले, बरे झाले. बाई मात्र दुसऱ्याच दिवशी नानांच्या गावी गेल्या. रोगट झाडे उपटून कशी जाळायची, पुढचे बी कुठल्या झाडाचे धरायचे नाही, हे त्यांनी बांधावर उभे राहून समजावले. औषधाचा उल्लेखसुद्धा केला नाही. हे मला पुढे नानांनीच सांगितले.

त्यानंतर एका दुपारी बाई अळिंबी पिकवणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांकडे गेल्या होत्या. तिथे कापून टाकलेल्या देठांचा ढीग पडलेला होता. अळिंबी म्हणजे बुरशीच, आणि आपण शोधतो ते कवच बुरशीचेच! बाई ते देठ पोतेभरून रिक्षात घालून घेऊन आल्या. "रंजना," त्या दारातूनच म्हणाल्या, "इतकी वर्षं आपण समुद्रापर्यंत कशाला जात होतो?"

ते वाटले तितके सोपे निघाले नाही. देठातून हवा तो पदार्थ कमी मिळे, शिवाय तो पाण्यात विरघळत नसे. दीड वर्ष आम्ही वाळवत, दळत, शिजवत राहिलो. कितीदा तरी अर्कानेच पाने भाजली. मी प्रबंध सोडून गावी परत जाण्याची भाषा केली, तीही दोनदा. शेवटी व्हिनेगरमध्ये असते तसल्या सौम्य आम्लात तो विरघळला आणि कुंडीतली पाने हिरवी राहिली.

आम्ही पुन्हा नानांच्या बांधावर गेलो. बाईंनी बाटली उघडून त्यांच्या हातात दिली. "हे अळिंबीच्या देठाचं आहे."

नानांनी वास घेतला. "पावसात उगवती ती छत्री?"

"तिचीच बहीण."

"मंग काय, रानातलंच हाय की. मारा."

त्या हंगामात रोग आला तेव्हा न फवारलेल्या ओळी डागांनी भरल्या. फवारलेल्या ओळींवरही डाग होते, पण तुरळक, आणि शेंगा बहुतेक स्वच्छ. नाना दोन ओळींच्या मधून हळूहळू चालत गेले, पाने उलटी करून पाहत. टोकाला पोहोचल्यावर त्यांनी हाक मारली, "बाई, जागी झाली वं झाडं!" बाईंनी पदराने चष्मा पुसला. मला वाटते, त्यांनी डोळेही पुसले.

बाईंचा स्वभाव गोड आहे असे त्यांचा कोणताही विद्यार्थी म्हणणार नाही. माझ्या पहिल्या प्रकरणावर त्यांनी एकच शेरा लिहिला होता: "यात लेखिकेला काय म्हणायचे आहे, ते लेखिकेने शोधावे." पण माझ्या बोलण्याची टिंगल करणाऱ्या सहाध्यायांना त्यांनी कधी थारा दिला नाही. शेतकऱ्यांसाठी पुस्तिका लिहायची वेळ आली तेव्हा ते काम त्यांनी माझ्याकडे सोपवले. "माझं मराठी परीक्षकांना कळतं," त्या म्हणाल्या, "तुझं माणसांना कळेल."

माझी मुलगी जन्मली तेव्हा प्रबंध अर्धवट होता. आता तो राहणार, हे मी मनात धरूनच चालले होते. तिसऱ्या आठवड्यात धनकवडीच्या आमच्या दोन खोल्यांच्या दारात बाई उभ्या. बसने आल्या होत्या. काखेत माझ्या प्रकरणाचे कागद. "आपली गुरुवारची चर्चा इथे होईल," असे जाहीर करून त्यांनी बाळ मांडीवर घेतले आणि माझा मजकूर मोठ्याने वाचायला सुरुवात केली. बाळ झोपले. "हिला कंटाळा आला," बाई म्हणाल्या, "म्हणजे हा परिच्छेद पुन्हा लिही." पाच महिने त्या दर गुरुवारी येत राहिल्या. माझ्या सासूबाई सुरुवातीला बिचकत. नंतर बाई आल्या नाहीत तर त्याच बेचैन होऊ लागल्या.

अर्काचा बोलबाला झाल्यावर एक विक्रेते तो बाजारात आणण्यासाठी आले. जाहिरातीचा मजकूर तयारच होता: 'रोगाचा संपूर्ण नायनाट'. खाली बाईंची सही हवी होती.

"यातला 'संपूर्ण' काढा," बाई म्हणाल्या.

त्यांनी काढला.

"आता 'नायनाट' काढा."

"मॅडम, मग उरतं काय?"

"'रोगाचा'. तेवढं खरं आहे."

गृहस्थ निघून गेले. रोग पडल्यावर हा अर्क उपयोगाचा नाही, आधी फवारावा लागतो. सतत पाऊस असेल तर त्याचा जोर कमी होतो. आणि शेतातली स्वच्छता त्याने टळत नाही. या तीन गोष्टी बाईंनी आपल्या प्रत्येक भाषणात, टाळ्या मिळायच्या आधी सांगितल्या आहेत.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांना गाडीने भोरकडच्या एका गावी घेऊन गेले होते. तिथल्या बायका अळिंबीच्या देठाचा अर्क स्वतः घरी करतात असे कानावर आले होते. एका अंगणात तिशीतली एक बाई मोठे पातेले ढवळत होती. सुरेखा तिचे नाव. आम्ही कोण हे तिला ठाऊक नव्हते. बाईंनी मला डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितले आणि विचारले, "हे काय करताय हो?"

सुरेखाने सगळे समजावून सांगितले. देठ कसे वाळवायचे, किती शिजवायचे, रोग यायच्या आधीच का फवारायचे. "झाडाला आदी खबर द्यावी लागती, आजी. नायतर त्ये गाफील ऱ्हातं."

"आणि विरघळायला काय घालता?"

"आंबट ताक. पुस्तकात दुसरं कायतरी लिवलंय, पर त्ये कोन आननार? ताक घरात हाय."

बाई पातेल्याजवळ सरकल्या. ताक किती दिवसांचे? म्हशीचे की गाईचे? पानाला डाग पडत नाहीत ना? पर्समधून वही काढून त्यांनी एकेक उत्तर लिहून घेतले. ताकातल्या आम्लाने हे काम होईल, हे आमच्या प्रयोगशाळेत एवढ्या वर्षांत कोणालाही सुचले नव्हते.

निघताना सुरेखाने विचारले, "आजी, तुम्ही बी शेती करता का?"

"शिकतेय," बाई म्हणाल्या.

गाडीत बसल्यावर मी न राहवून म्हणाले, "बाई, तुम्ही कोण ते सांगायचं तरी!"

"कशाला? ती इतकं छान शिकवत होती." आणि मग पुण्यापर्यंत त्या ताकावरच बोलत होत्या.

आता बाईंनी एक नवा प्रश्न हाती घेतला आहे. जे झाड एकदा सावध झाले, त्याचे बी पेरले तर पुढची पिढी जन्मतःच थोडी सावध असते का? यासाठी घेवड्याच्या एकामागून एक पिढ्या पेरून पाहाव्या लागतील. कसब्यातल्या त्यांच्या गच्चीवर पहिल्या पिढीच्या चाळीस कुंड्या लागल्या आहेत. मागच्या आठवड्यात मी हिशेब करून म्हणाले, "बाई, दहा पिढ्या म्हणजे निदान पाच वर्षं लागतील."

बाईंनी कुंडीतले तण उपटता उपटता विचारले, "मला वेळ आहे. तुला आहे ना?"

आहे, बाई. आम्हा सर्वांनाच आहे. आपली प्रकृती अशीच ठणठणीत राहो, गच्चीचे जिने चढणारे पाय असेच भक्कम राहोत, आणि दहाव्या पिढीच्या शेंगा आपण आपल्या हाताने तोडून आमच्यासमोर ठेवा. त्या दिवशी आपण जो प्रश्न विचाराल, त्याचे उत्तर शोधायला आम्ही सोमवारीच हजर होऊ.